चिठ्ठी नको, शिकलेला हात हवा



जिल्हा बैठकीच्या अंकात भावाऐवजी दवाखान्याचा विषय पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. सोयाबीनचा भाव, उसाचे बिल, विजेचा लपंडाव हे आपले नेहमीचे विषय, आणि ते बाजूला ठेवा असे मी म्हणत नाही. पण ज्या घरात सोयाबीन पिकते त्याच घरात फवारणीचा डबा असतो. त्याच शिवारात उघडी विहीर असते, शेततळे असते, बांधाच्या दगडाखाली विंचू असतो. आणि त्याच घरात तीन वर्षांचे लेकरूही असते. म्हणून हा विषय शेतीचाच आहे.

धरून चला, किल्लारीकडच्या एका आखाड्यावर फवारणी चालू आहे. लेकराने डब्याचे झाकण तोंडाला लावले. थोड्याच वेळात तोंडाला फेस, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. शेजारच्यांनी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढली. ते करू नये, कारण ओकारी फुप्फुसात जाते. मग कोणाची तरी मोटारसायकल, मध्ये माय, तिच्या मांडीवर लेकरू. दवाखान्यात इमारत आहे, खाट आहे, कपाटात ॲट्रोपिनही आहे. डॉक्टरही हजर आहे. पण त्या डॉक्टरने आजवर तीन वर्षांच्या लेकराच्या श्वासनलिकेत नळी घातलेली नाही. तो घाबरतो. एक सुई मारतो आणि चिठ्ठी लिहितो: पुढील उपचारासाठी लातूर.

या डॉक्टरला शिव्या देणे सोपे आहे. मी देणार नाही. तो पळपुटा नाही. त्याला हे काम कोणी हात धरून शिकवलेलेच नाही.

आपल्याला वाटते, लहान मूल म्हणजे लहान माणूस. अर्धी गोळी द्या, अर्धी सुई द्या, भागले. तसे नसते. मोठ्या माणसाचे काळीज आधी बंद पडते, लेकराचा बहुधा श्वास आधी थांबतो आणि काळीज मागाहून थांबते. म्हणून पहिली धाव श्वासाकडे हवी. दहा किलोच्या लेकराच्या अंगात जेमतेम आठशे मिलिलिटर रक्त असते, त्यातले पेलाभर सांडले तरी जीव धोक्यात येतो. त्याचा रक्तदाब शेवटपर्यंत टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. आकड्यावर विसंबलेला डॉक्टर तेथेच फसतो. औषध किलोच्या हिशेबाने द्यायचे, पण साप चावला तर विषप्रतिबंधक लस मोठ्या माणसाइतकीच द्यायची, कारण सापाने लेकरू पाहून विष कमी सोडलेले नसते. शीर सापडत नसेल तर नडगीच्या हाडात सुई घालून औषध देता येते. झटके थांबवणारे औषध नाकातूनही देता येते. ॲट्रोपिन छाती कोरडी होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे लागते, एका सुईवर थांबून चालत नाही. यात चमत्कार काही नाही. हे शिकता येते, पण पुस्तक वाचून येत नाही. पोहणे जसे विहिरीत उतरल्याशिवाय येत नाही, तसेच हे.

हाताला शिक्षण नसले की काय होते, हे औसा तालुक्याला कोणी सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला माणसे नुसत्या भूकंपाने मेली नाहीत. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि डोक्यावरचे माळवद अंगावर पडून मेली. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात याहून मोठा भूकंप झाला, तेथे ६३ माणसे गेली. आपल्याकडे हजारो गेली. त्यानंतर पुनर्वसन झाले तेव्हा शहाण्या माणसांनी नुसते सिमेंट वाटले नाही, गवंड्यांनाही शिकवले. घर तेच, दगड तोच, पण कोपरा कसा बांधायचा आणि पट्टा कोठे घालायचा हे शिकलेला गवंडी वेगळा. मग हाच न्याय दवाखान्याला का नाही? आमदार-खासदार इमारतीचे उद्घाटन करतात. गवंड्याला शिकवायचे मात्र राहून जाते.

किल्लारीला बरोबर तीस वर्षे झाली तेव्हाची गोष्ट. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३, नांदेडचे सरकारी रुग्णालय. चोवीस तासांत २४ मृत्यू, त्यांतली १२ नवजात बाळे. देश हादरला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एका खासदाराने रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करून घेतले आणि त्याची छायाचित्रे सगळीकडे छापून आली. शौचालय स्वच्छ असलेच पाहिजे. पण त्याने एकाही बाळाचा श्वास परत आला नाही. रुग्णालयाकडून सांगितले गेले की, बरीच बाळे बाहेरून अगदी शेवटच्या अवस्थेत आणली होती. हे खरे मानले तर प्रश्न आणखी मोठा होतो. शेवटची अवस्था येण्याआधी ते बाळ ज्या ज्या दारात गेले, तेथे काय झाले? तेथे किती चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या? बैल गेला अन् झोपा केला, अशी आपली सरकारी तऱ्हा. चौकशी नेहमी शेवटच्या दाराची होते, पहिल्या दाराची होत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. डॉक्टर पिकवणारा आपल्यासारखा जिल्हा महाराष्ट्रात दुसरा नाही. लातूर पॅटर्नचे नाव राज्यभर झाले. दयानंद, शाहू महाविद्यालय आणि शिकवण्यांच्या गल्ल्या यांतून दर वर्षी मुले डॉक्टरकीला जातात. आपणच जमीन विकून, उचल घेऊन ती पाठवतो. पण कापसाचे जे होते तेच या मुलांचे होते. कच्चा माल येथून जातो, सूत आणि कापड दुसरीकडे होते, आणि तयार माल आपल्या गावी परत येत नाही. आला तर परवडत नाही. इंडिया आणि भारत यांच्यातली दरी दाखवायला याहून सोपे उदाहरण नाही.

मराठवाड्याच्या मातीत हे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, डॉ. हिम्मतराव बावस्कर, रायगड जिल्ह्यात महाडच्या बाजूला आरोग्य केंद्रात नोकरीला लागला. लाल विंचवाच्या दंशाने लेकरे डोळ्यांदेखत मरत होती. त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या नाहीत, रात्र रात्र खाटेजवळ बसून नोंदी केल्या. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचे निरीक्षण छापले. पुढे रक्तदाबाची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी त्यांनी वापरली, आणि जेथे गंभीर रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस मरत तेथे मृत्यू एकाच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाचा श्वास मोजणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे हे त्या शिकल्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. गावची बाई हे शिकू शकते, तर पदवीधर डॉक्टर का शिकणार नाही?

बाहेरच्या जगानेही हे ओळखले. अमेरिकेत बालकांच्या तातडीच्या उपचाराची वेगळी परीक्षा १९९२ मध्ये सुरू झाली. आपल्या देशात तातडीच्या वैद्यकाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. आफ्रिकेतल्या मलावीसारख्या गरीब देशातल्या एका मोठ्या रुग्णालयाने दारातच लेकरे निवडून, जीव धोक्यात असलेल्यांना आधी हात लावायची पद्धत बसवली. तेथले बालमृत्यू निम्म्याच्या आसपास आले. जागतिक आरोग्य संघटनेचे हे प्रशिक्षण साडेतीन दिवसांचे आहे. एका सरकारी सहलीइतकाच वेळ.

काही मित्र म्हणतील, तज्ज्ञ डॉक्टर औशाला येऊन राहणार नाही. मान्य. म्हणून तज्ज्ञ लातूर-नांदेडला असावा आणि त्याने जो येथे राहतो त्याला शिकवावे. २०१४ पासून १०८ ची गाडी धावते. तिच्यातला डॉक्टर बहुतेक वेळा आयुर्वेदाची किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेला असतो. तोच आपल्या लेकरापर्यंत पहिला पोहोचतो. त्याला हिणवू नका, शिकवा. डॉक्टरची बदली होते, परिचारिका त्या मानाने टिकते, तिलाही शिकवा.

दुसरे मित्र म्हणतील, सरकारकडे हात पसरणे संघटनेच्या विचारात बसते का? हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण आपण अनुदान मागत नाही. डिझेलपासून औषधाच्या डब्यापर्यंत प्रत्येक खरेदीत आपण कर भरतो. त्याच पैशावर दवाखाना आणि महाविद्यालय चालते. भीक नको, घामाचे दाम हवे, असे म्हणणाऱ्याने घामाच्या पैशाचा हिशेब मागितला तर ती भीक होत नाही.

म्हणून या बैठकीत पुढील ठराव मांडावा, अशी माझी सूचना आहे:

१. लातूर आणि नांदेड येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत बालकांच्या तातडीच्या उपचाराचे विशेष शिक्षण चालावे, आणि ते घेणाऱ्याने तालुक्यांत जाऊन शिकवणे सक्तीचे असावे.

२. तालुका रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १०८ वरील प्रत्येक डॉक्टर व परिचारिकेला रुजू झाल्यापासून तीन महिन्यांत पुतळ्यावर हात चालवून प्रशिक्षण मिळावे. दर वर्षी त्याची उजळणी व्हावी.

३. कोणी, केव्हा, कोणते प्रशिक्षण घेतले याचा फलक प्रत्येक दवाखान्याच्या दारात लावावा. बाजार समितीत भावाचा फलक लागतो, तसा.

४. लेकरांच्या मापाचे मुखवटे, नळ्या, हाडात घालायची सुई, वजनानुसार औषधाचा तक्ता, प्राझोसिन, ॲट्रोपिन आणि सापाच्या विषावरची लस यांची दर महिन्याला मोजदाद व्हावी.

५. चिठ्ठी द्यायचीच असेल तर आधी श्वास सांभाळावा, पुढच्या रुग्णालयाला फोन करावा आणि गाडीत शिकलेला माणूस बसवावा.

आणि आपल्या वाट्याचे आपण करू. फवारणीचा डबा कुलपात, विहिरीला कठडा, शेततळ्याला कुंपण. कोप्यांवर राहणाऱ्या ऊसतोड्यांची लेकरेही आपलीच, त्यांच्यापर्यंत हे सांगणे आपलेच काम.

भाव आज नाही मिळाला तर उद्या भांडून घेऊ. गेलेले लेकरू भांडून परत मिळत नाही.

— एक कार्यकर्ता, औसा