किल्ली काढल्यावर गाडी काय सांगते?



इथे यूकेत सेकंडहँड डिझेल गाडी घेतलेल्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली, तरी बॉनेटखालून आवाज येतोच आहे. गॅरेजला न्यावी का? माझं म्हणणं असं की आधी दहा मिनिटं शेजारी उभं राहून ऐका. ऑफिसात लॉग न बघता आपण सर्व्हरचे भाग बदलत नाही. मग गाडीचे का बदलू द्यायचे?

टिक-टिक आवाज बहुतेक वेळा निरुपद्रवी. तापलेला एक्झॉस्ट गार होताना आकसतो. पोलादाची दोन मीटर नळी ३०० अंशांनी थंडावली तर साधारण ७ मिलिमीटर आखूड होते, आणि हे आकसणं झटक्याझटक्याने होतं, म्हणून टिकटिक. त्यावर एक पौंडही खर्चू नका.

गुडगुड मात्र गंभीर. डॅशबोर्डमागून किंवा रेडिएटरपाशी पाणी उकळल्यासारखा आवाज आला तर कूलंट कमी झालंय किंवा त्यात हवा शिरली आहे. गळती असेल, झाकण बिघडलं असेल, किंवा हेड गॅस्केट गेलं असेल. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच पातळी बघा. गरम असताना झाकण उघडलंत तर दाबाखालचं उकळतं पाणी अंगावर येईल. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर मात्र गॅरेज गाठाच.

आता पंखा. कडक उन्हात किंवा चढ चढून आल्यावर तो काही मिनिटं फिरला तर ठीक. पण डिसेंबरात, दोन मैलांवरच्या शाळेत मुलांना सोडून आल्यावर फिरत असेल, सोबत जळका वास असेल, तर गोष्ट वेगळी. युरो ५ नियमांमुळे २०११ पासून इथल्या जवळपास सगळ्या नव्या डिझेल गाड्यांत डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी. ती भरत आली की गाडी जास्तीचं डिझेल वापरून गाळणी सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळते. हे काम चालू असतानाच आपण किल्ली काढली, तर ते अर्धवट राहतं आणि पंखा फिरत बसतो. असं वारंवार झालं की गाळणी तुंबते, शिवाय न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

म्हणजे बिघाड गाडीत नाही, आपल्या वापरात आहे. 'ॲव्हरेज किती देते' हा प्रश्न आपण भारतातून सोबत आणला. तिथे डिझेल वर्षानुवर्षं स्वस्त होतं, इथे पंपावर ते सहसा पेट्रोलपेक्षा महाग. घर, शाळा, स्टेशन आणि शनिवारची खरेदी एवढंच फिरणं असेल तर डिझेल घेऊच नये, हे माझं स्पष्ट मत. घेतली असेल, तर अधूनमधून मोटरवेवर अर्धा तास सलग चालवा.

कुणी 'गाळणी काढून टाकू, कटकट मिटेल' म्हणालं तर सरळ नाही म्हणा. फेब्रुवारी २०१४ पासून, मुळात डीपीएफ असलेल्या गाडीत तो सापडला नाही तर ती एमओटीत नापास होते, आणि अशी गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा आहे. कारसाठी दंड १,००० पौंडांपर्यंत.

गॅरेजला जावंच लागलं तर चार गोष्टी लिहून न्या: आवाज कसला, कुठून, किती वेळ, आणि आधीचा प्रवास किती मैलांचा. मोबाईलवर रेकॉर्डही करा. नुसतं 'काहीतरी आवाज येतो' म्हणणाऱ्याला बिल मोठंच येतं.