पाहुण्यांची शतके, घरच्यांची जागा

गोंदिया : रणजी सामन्यात संघ अकरा जणांचा. विदर्भ क्रिकेट संघटनेच्या कार्यक्षेत्रातील जिल्हेही अकराच. त्यांत पूर्वेच्या टोकाला गोंदिया. नियमानुसार राज्य संघटनेला बाहेरचे तीन व्यावसायिक खेळाडू घेता येतात. या तिन्ही जागा भरल्या, की अकरा जिल्ह्यांतील मुलांसाठी उरतात आठ. त्यामुळे बाहेरून आणलेल्या नामवंताची खरी किंमत मानधनात नव्हे, तर एखाद्या होतकरूच्या हुकलेल्या संधीत मोजावी लागते.

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये हा हिशेब उघड असतो. ऑगस्ट २०२२ मध्ये सॅन दिएगो संघाने हुआन सोटो या नामांकित फलंदाजासाठी वॉशिंग्टनला पाच होतकरू खेळाडू देऊन टाकले. दीड वर्षाच्या आतच सोटो न्यूयॉर्कला गेला. दिलेल्यांपैकी जेम्स वुड आणि मॅकेन्झी गोर यांनी मात्र २०२५ मध्ये ऑल-स्टार संघात स्थान मिळविले. रणजीत अशी अदलाबदल होत नाही. ज्याची जागा गेली, त्याचे नावही कोठे नोंदले जात नाही.

विदर्भापुरते पाहिल्यास जमेची बाजू भक्कम आहे. २०१५ मध्ये मुंबईचा वसीम जाफर आला. २०१७-१८ मध्ये विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला आणि पुढच्याच हंगामात तो राखला. त्या हंगामात चाळिशीतील जाफरने १०३७ धावा केल्या. मात्र, पहिल्या विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतली ती रजनीश गुरबानीने आणि शतक ठोकले ते अक्षय वाडकरने. दुसऱ्या अंतिम सामन्यात आदित्य सरवटेने ११ बळी टिपले.

२०२३ मध्ये कर्नाटकचा करुण नायर व दिल्लीचा ध्रुव शोरी दाखल झाले. २०२४-२५ मध्ये तिसरे विजेतेपद आले. नायरच्या ८६३ धावांना त्यात मोठा वाटा होता. पण हंगामात सर्वाधिक ९६० धावा यश राठोडच्या होत्या. केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ३ बाद २४ अशी घसरगुंडी झाल्यावर नायर आणि २१ वर्षांच्या दानिश मालेवारने २१५ धावांची भागीदारी केली. मालेवारने १५३ धावा काढल्या. पाहुणा खेळाडू तरुणाच्या वाटेत उभा न राहता त्याच्यासोबत उभा राहिला, तर काय घडते, हे त्या दिवशी दिसले.

एका रिकाम्या जागेचे मोल काय, याचे उत्तरही त्याच हंगामाने दिले. सरवटे केरळकडे गेला आणि अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्धच खेळला. त्याच्यामागे डावखुऱ्या फिरकीची मुख्य धुरा हर्ष दुबेकडे आली. त्याने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातील बळींचा विक्रम केला. सरवटे थांबला असता, तर दुबेला इतकी षटके मिळाली असती का, हा प्रश्न रास्त आहे.

पुढे नायर कर्नाटकात परतला. तरीही ऑक्टोबर २०२५ मध्ये विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी नमवून इराणी करंडक जिंकला. त्यात अकोल्याच्या अथर्व तायडेने १४३ धावा केल्या. नामवंत गेला, पण घर रिकामे झाले नाही.

अर्थात, सौदा फायद्याचा ठरला म्हणून त्याची झळ सर्वांना सारखी बसते, असे नाही. नागपूरच्या मुलाला संधी हुकली, तरी तो घरी राहून सराव करीत पुढच्या हंगामाची वाट पाहू शकतो. रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवरील गोंदियाच्या मुलाला त्याच प्रतीक्षेसाठी नागपुरात खोली, खाणावळ आणि प्रवास यांचा खर्च पेलावा लागतो. वर्ष वाया गेले, की बहुतेक घरांत आधी क्रिकेटवरच फुली मारली जाते.

तेव्हा पाहुणा नको, हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. तो कोणत्या उणिवेसाठी, किती हंगामांसाठी आणि त्याच्यामागे कोणता स्थानिक खेळाडू तयार होत आहे, हे करार करतानाच ठरले पाहिजे. करंडकांची नोंद आपोआप होते. हुकलेल्या संधींची नोंद मात्र कोणी तरी ठेवावी लागते.