परदेशी प्रेषितकार्य : प्रस्थानापूर्वीची तयारी

मिशनरी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर अजूनही युरोपातून जहाजाने आलेला दाढीधारी धर्मगुरू उभा राहतो. वस्तुतः या प्रवाहाची दिशा केव्हाच पालटली आहे. आज भारतातील धर्मगुरू व धर्मभगिनी आफ्रिकेत आणि लॅटिन अमेरिकेत जातात. त्याचप्रमाणे एकेकाळी आपल्याकडे मिशनरी पाठविणाऱ्या जर्मनी, इटली, अमेरिका या देशांतील धर्मग्रामही सांभाळतात. पोप पायस अकरावे यांनी १९२६ साली जागतिक मिशन रविवार सुरू केला. त्याला शंभर वर्षे होत असताना एक प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो : जाणाऱ्यांना आपण पुरेशा तयारीनिशी पाठवतो का?

तयारीचा पहिला भाग हेतूच्या शुद्धीचा आहे. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली ‘फिदेई दोनुम’ या विश्वपत्राद्वारे धर्मप्रांतीय धर्मगुरूंना काही काळासाठी आफ्रिकेसारख्या गरजू भागांत पाठविण्याचे आवाहन केले. पुढे मात्र तरुण धर्मप्रांतांतून श्रीमंत देशांकडे ओघ वाढू लागला. त्यामागे नेहमीच प्रेषितकार्याची तळमळ नसून सुखसोयींचे आकर्षणही असते, हे ओळखून व्हॅटिकनने २००१ साली अशा स्थलांतराविषयी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना दिल्या. धर्मगुरूला दुसऱ्या धर्मप्रांतात पाठविताना दोन्ही बिशपांमध्ये लेखी करार व्हावा आणि त्यात त्याचे हक्क व कर्तव्ये नमूद असावीत, अशी तरतूद कॅनन कायद्यातही आहे. हा करार म्हणजे निव्वळ कागद नव्हे. परमुलखात आजारी पडणाऱ्या, एकाकी होणाऱ्या माणसाचे ते संरक्षण आहे.

दुसरा भाग भाषेचा. व्यवहारापुरती चार वाक्ये येणे निराळे आणि मरणासन्न माणसाजवळ बसून त्याचे कण्हणे समजणे निराळे. इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते १६१६ साली. मधली सदतीस वर्षे त्यांनी या मातीचे बोल कानात आणि काळजात साठवले, म्हणूनच त्यांच्या ओव्या आजही आपल्या वाटतात. उलट दिशेचे उदाहरण तर वसईच्या घरचेच आहे. संत गोन्सालो गार्सिया यांना जपानी भाषा उत्तम अवगत होती. त्या बळावरच फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचे दुभाषी म्हणून ते जपानला परतले आणि १५९७ साली नागासाकी येथे रक्तसाक्षी झाले. भाषा ही त्यांची पहिली शिदोरी होती.

तिसरा भाग धोक्याची जाणीव ठेवण्याचा. ४ मार्च २०१६ रोजी येमेनमधील एडन येथे मदर तेरेसांच्या संस्थेच्या वृद्धाश्रमावर हल्ला झाला. त्यात चार धर्मभगिनींसह सोळा जण मारले गेले आणि केरळचे सलेशियन धर्मगुरू फादर टॉम उळुन्नालिल यांचे अपहरण झाले. त्यांची सुटका व्हायला सप्टेंबर २०१७ उजाडला. सर्वच ठिकाणी बंदूक समोर येत नाही. युरोपात धोका वेगळा असतो : रिकामी मंदिरे, वृद्ध श्रद्धावंत, लांबलचक हिवाळा, आणि आठवडा गेला तरी दार न वाजणारे धर्मगुरुनिवास. भरल्या घरातून आणि गजबजलेल्या गावातून गेलेल्या तरुणाला ही शांतता सोसवत नाही. व्हिसाचे नियमही विसरून चालणार नाही. अमेरिकेचा धार्मिक सेवकांसाठीचा व्हिसा एका खेपेला जास्तीत जास्त पाच वर्षांचाच असतो. लोकांशी नाते जुळते न जुळते तोच निघण्याची वेळ येऊ शकते.

मग जाऊच नये का? तसे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. पोप लिओ चौदावे स्वतः १९८५ साली तरुण ऑगस्टिनियन धर्मगुरू म्हणून पेरूला गेले. पुढे तेथेच चिक्लायोचे बिशप झाले, त्या देशाचे नागरिकही झाले. ८ मे २०२५ रोजी पोप म्हणून प्रथमच लोकांसमोर आले, तेव्हा त्यांनी आपल्या त्या धर्मप्रांताला स्पॅनिश भाषेत नमस्कार केला. परका देश आपला होतो तो असा, वर्षानुवर्षांच्या सहवासाने.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. पाठविण्यापूर्वी भाषेला व तेथील संस्कृतीच्या अभ्यासाला पुरेसा अवधी द्यावा. त्या देशातून परतलेल्या ज्येष्ठांशी मोकळा संवाद घडवून आणावा. आणि धर्मग्रामाने निरोपाचा हार घालून आपले कर्तव्य संपले असे मानू नये. गेलेल्याचे पत्र वाचावे, फोन करावा, त्याच्या वृद्ध आईवडिलांच्या घरी जावे, प्रार्थनेत त्याचे नाव घ्यावे. तो थकून परत आला, तर त्याला अपयशी न मानता मायेने सामावून घ्यावे. प्रेषितकार्याला एक जण जातो, परंतु पाठवते ती संपूर्ण ख्रिस्तसभा, याचा विसर आपल्याला पडू नये.