सात कप्प्यांची डबी

आमच्या घरी सकाळी आठ वाजता एक छोटासा सोहळा असे. हे आरामखुर्चीत बसत, चष्मा लावत, निळ्या डबीचे त्या दिवसाचे झाकण उघडत, दोन गोळ्या तळहातावर घेत आणि मान मागे टाकून त्या गिळत. एक मधुमेहाची, दुसरी रक्तदाबाची. पाण्याचा शेवटचा घोट घेतला की 'हं' असा एक तृप्तीचा उद्गार निघे, जणू पुरणपोळीच खाल्ली आहे.

समोर जमिनीवर बसलेली आमची अडीच वर्षांची नात हे सारे टक लावून पाही. मग तिचा सोहळा सुरू होई. दोन चुरमुरे तळहातावर घ्यायचे, मान मागे टाकायची. ती मान इतकी मागे जाई की बाईसाहेब पाठीवर आडव्या होत आणि तिथूनच छताकडे पाहत म्हणत, "हं!" एखाद्या दिवशी ह्यांना उशीर झाला तर लोटी सांडत सांडत तीच पाणी घेऊन येई. "आबा, गोई झाई?" औषधाची आठवण करून देणारी इतकी तत्पर परिचारिका कोणाला मिळाली असेल?

तिच्याकडे एक कापडी हत्ती आहे. त्यालाही नियमाने औषध मिळे. "खाऊ आहे, गोऽऽड आहे," अशी त्याची समजूत काढली जाई. हे शब्द माझेच होते. पावसाळ्यात तिला ताप आला तेव्हा गुलाबी औषधाचा चमचा पुढे करीत मीच तसे म्हटले होते. हत्तीच्या तोंडी लागलेले आपले शब्द ऐकून मला तेव्हा कौतुकच वाटले होते.

मग तो गुरुवार आला. मुलगा आणि सूनबाई कामावर गेले होते, मी कोपऱ्यावर भाजी आणायला गेले होते. परतले तेव्हा साडेनऊ झाले होते. डबी जमिनीवर पडलेली, गुरुवारचे झाकण उघडे, कप्पा रिकामा. हे वर्तमानपत्रात आणि नात खेळण्यांत मग्न.

"तुम्ही गोळ्या घेतल्या ना?" मी विचारले.

ह्यांनी तोंड उघडले, मिटले, डबीकडे पाहिले. "घेतल्या असाव्यात," ते म्हणाले.

चाळीस वर्षे बँकेत रोखपाल होते हे. संध्याकाळच्या हिशेबात एका रुपयाचा फरक आला तर तो सापडल्याशिवाय घरी न येणारा हा माणूस. त्यांच्या तोंडून 'असाव्यात' हा शब्द मी बहुधा प्रथमच ऐकला.

मी नातीकडे वळले. "तू गोळी खाल्लीस?" "हो." "आबांनी खाल्ली?" "हो." "हत्तीने खाल्ली?" "हो."

अडीच वर्षांच्या साक्षीदाराची उलटतपासणी येथेच संपते.

शेजारच्या वहिनी धावत आल्या आणि मिठाचे पाणी पाजून उलटी काढा म्हणू लागल्या. त्यांचा हेतू चांगला होता. पण आमच्या डॉक्टरांनी दूरध्वनीवर पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की उलटी करवू नका, मिठाचे पाणी तर मुळीच नको. गोळ्यांची पाकिटे घ्या आणि मुलीला घेऊन निघा. श्वासात वा शुद्धीत फरक दिसता तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी लागली असती. ती तर हत्तीला बगलेत मारून फिरायला निघाल्याच्या थाटात आमच्यासोबत आली.

ह्यांच्यासारख्या मोठ्या माणसाची साखर आटोक्यात ठेवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी लहान मुलाच्या पोटात एकच गेली तरी रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. आणि ती लगेच उतरेल असेही नाही. मूल कित्येक तास हसतेखेळते दिसते आणि मग एकाएकी घाम, सुस्ती, झटके. म्हणून 'ठीक दिसते आहे, पाहू संध्याकाळपर्यंत' असे म्हणून घरी थांबायचे नसते. रक्तदाबाच्याही काही गोळ्या मुलांना तितक्याच घातक. डॉक्टरांनी हे शांतपणे सांगितले आणि तिला दाखल करून घेतले. दर थोड्या वेळाने साखर तपासायची होती.

परिचारिका सुई घेऊन आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. रडण्याचा आवाज येईना म्हणून उघडले, तर नातीने अनामिका स्वतःहून पुढे केली होती, तीही किंचित तिरकी, कडेने टोचता यावे अशी. टोचल्यावर ओठ थरथरले, पण तिने बोटावर फुंकर घातली, यंत्राकडे पाहिले आणि म्हणाली, "आता आबा." घरी दर आठवड्याला आबा हेच करतात, ते तिने पाठ केले होते. परिचारिकेला हसू आवरेना. हे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

ह्यांनी त्या सकाळी पुन्हा गोळी घेतली नाही, हे बरे झाले. घेतली की नाही हे आठवत नसेल तर मधुमेहाची गोळी अंदाजाने दुसऱ्यांदा घेऊ नये; साखर तपासावी आणि डॉक्टरांना विचारावे.

संध्याकाळी मुलाचा घरून दूरध्वनी आला. दुसरा हत्ती, ज्याच्या सोंडेखालची शिवण उसवली आहे, त्याच्या पोटात दोन्ही गोळ्या मिळाल्या, अखंड, कोरड्या. पाकिटांतील गोळ्यांचा हिशेबही जुळला. साक्षीदाराने तीनपैकी एक उत्तर खरे दिले होते. डॉक्टरांनी एकवार साखर पाहिली आणि आम्हाला घरी पाठवले.

रात्री जेवताना हे म्हणाले, "तिला पाळणाघरात घाला. माझा आता भरवसा नाही."

कोणीच बोलेना. मग सूनबाई म्हणाली, "बाबा, ती डबी मी आणली होती. तुमची बोटे आखडतात, पाकिटातून गोळी निघत नाही म्हणून, चटकन उघडणारी." सांध्यांनी आखडलेल्या बोटांना जे सोपे, ते अडीच वर्षांच्या बोटांनाही सोपे, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. पाकिटातून गोळी काढायला तिला निदान खटपट तरी करावी लागली असती.

पाळणाघराचा विषय पुन्हा निघाला नाही. डबी आता कुलपाच्या कपाटात असते. माझी पर्स, जिच्यात माझ्या गोळ्या असतात, ती खुंटीवर उंच गेली. पाहुण्यांच्या पर्सही येताक्षणी तिथेच जातात, कोणी रागावले तरी. ह्यांच्या श्रवणयंत्रातल्या बटणाएवढ्या बॅटऱ्याही कपाटात गेल्या, कारण तसली चकती गिळून अन्ननलिकेत अडकली तर काही तासांत आतून भाजते. औषधाला खाऊ म्हणणे मी बंद केले. ते सर्वांत अवघड गेले.

लहानांदेखत औषध घेऊ नका, असेही डॉक्टर म्हणाले होते. म्हणून हे आता आतल्या खोलीत दार लोटून गोळ्या घेतात. मग बाहेर येऊन नातीला कडेवर घेतात आणि दोघे मिळून भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या दिवसाच्या चौकटीत फुली मारतात. खडू तिच्या हातात, हात ह्यांच्या हातात. "हं!" दोघेही म्हणतात.

गेल्या मंगळवारी मी दुपारी क्षणभर पडले होते. उठून पाहते तर खुर्ची भिंतीला लावलेली आणि लाल खडूच्या फुल्या महिनाअखेरपर्यंत पोचलेल्या, चतुर्थी आणि एकादशीसकट. कॅलेंडर पाहता ह्यांच्या सगळ्या गोळ्या आगाऊ घेऊन झाल्या आहेत. खुर्ची आता आम्ही आतल्या खोलीत ठेवतो, आणि हे रोजची खरी फुली निळ्या शाईने मारतात.