बिल्टीवर न लिहिलेले भाडे

भिवंडीहून मुंबईच्या कापड बाजारात माल आला की बिल्टीवर भाडे लिहिलेले असते, हमाली वेगळी मांडली जाते, आणि तेवढाच खर्च धरून आम्ही ताक्याचा भाव काढतो. पण हाच माल आणताना गल्लीतल्या लोकांच्या माथी जो खर्च बसतो, तो आमच्या कोणत्याच वहीत उतरत नाही.

दक्षिण मुंबईत जड वाहनांवर दिवसा निर्बंध, म्हणून ट्रक रात्री येतात. काळबादेवीत दुकानांच्या वर माणसे राहतात, याचा आम्हाला सोयीस्कर विसर पडतो. आमच्या दुकानावर राहणाऱ्या एका आजींनी एकदा विचारले, "शेठ, तुमच्या गाठी उतरतात तेव्हा तुम्ही कुठे झोपता?" आम्ही तेव्हा उपनगरातल्या घरी निवांत असतो. काय जवाब देणार?

दिवसा टेम्पो आणि हातगाड्या. एक टेम्पो आडवा लागला की मागे टॅक्सी, बस, कधी रुग्णवाहिकाही अडकते. इंजिन चालूच. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले. तो धूर आधी जातो गाठ उचलणाऱ्या हमालाच्या छातीत. १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदणी झालेल्या हमालाच्या मजुरीला संरक्षण मिळाले. फुप्फुसाचा हिशेब त्यात कुठून येणार?

आमचे व्यापारी बंधू पूर्वी सगळा दोष जकातीला देत. नाक्यावर ट्रक खोळंबत, हे खरेच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. आमच्या गल्लीतली कोंडी मात्र तिथेच आहे, कारण ती आम्हीच करतो. गिऱ्हाइकाला "आजच पाठवतो" असा शब्द देऊन अर्धा रिकामा टेम्पो सोडतो. शेजारच्या दुकानाचा माल त्याच गावाला, त्याच वेळी, दुसऱ्या टेम्पोतून निघतो!

दुकानात फक्त नमुने ठेवावेत, गाठी भिवंडीच्या गोदामातून परस्पर रवाना कराव्यात, आणि जो माल गल्लीत आणावाच लागतो तो चार-पाच दुकानांनी मिळून एका गाडीने, ठरल्या वेळी आणावा. यात एखादा दिवस उशीर होईल, एखादे गिऱ्हाईकही तुटेल. ते नुकसान आम्हाला मंजूर आहे.

आमच्या गल्लीत तीन दुकानदारांशी बोलून पाहिले. दोघे तयार आहेत. तिसरे म्हणतात, आधी तुम्ही सुरू करा, मग बघू.