मतदार केवळ पोटाने मत देतो?

निवडणुकांच्या चर्चेत एक सिद्धांत हमखास ऐकू येतो : परदेशातल्या युद्धाला टाळ्या मिळतात, मत मात्र भाकरीवरच पडते. दाखला दिला जातो अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांचा. कुवेत मुक्त केल्यावर, मार्च १९९१ मध्ये, गॅलपच्या चाचणीत ८९ टक्के अमेरिकनांनी त्यांच्या कारभाराला पसंती दिली होती. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात त्यांना जेमतेम ३७ टक्के मते पडली आणि बिल क्लिंटन निवडून आले. मंदीने विजय पुसून टाकला, लोक युद्ध विसरले, असा निष्कर्ष त्यावरून काढतात.

दाखला खरा, निष्कर्ष चुकीचा. बुश यांना भोवलेली मंदी आणि आखातातले संकट या दोन गोष्टी अशा वेगळ्या काढताच येत नाहीत. २ ऑगस्ट १९९० ला इराकच्या सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि ऑक्टोबरपर्यंत खनिज तेलाचा भाव दुपटीच्या वर गेला. मंदीला इतरही कारणे होती, हे मान्य. पण पेट्रोल पंपावर खिसा रिकामा होत होता तो या आक्रमणामुळेच. भारतात आपणही ते सोसले. तेलाचे बिल फुगले, पावणेदोन लाखांच्या घरात माणसे आखातातून विमानांनी परत आणावी लागली, त्यांच्या पैशांवर चालणाऱ्या घरांची आवक थांबली आणि १९९१ मध्ये देशाचे सोने परदेशात गहाण पडले. महागाई एका रकान्यात आणि युद्ध दुसऱ्या रकान्यात मांडणाऱ्या अभ्यासकांना हे दिसू नये?

आता उलट बाजू पाहा. १९६८ मध्ये अमेरिकेत बेरोजगारी चार टक्क्यांच्याही खाली होती. पोटाचा सिद्धांत खरा असता तर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन निर्धास्त असायला हवे होते. त्याऐवजी न्यू हॅम्पशायरच्या पक्षांतर्गत लढतीत, व्हिएतनामच्या युद्धाला विरोध करणाऱ्या युजीन मॅकार्थी यांनी ४२ टक्के मते घेतली आणि ३१ मार्चला जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले. भाकरी होती, पण सक्तीच्या लष्करभरतीचे पत्र घरोघरी येत होते आणि मुलगा परत येईल याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे : मतदार युद्धाचा हिशेब मांडतो, आणि तो घरात बसूनच मांडतो. गॅसची टाकी, कर्जाचा हप्ता, रणांगणावरचा मुलगा, परदेशातून येणारी मनीऑर्डर ही सगळी त्याच एका हिशेबातली कलमे आहेत. याला स्वार्थ म्हणणे अन्यायाचे आहे. नकाशावर युद्ध पाहणाऱ्यांपेक्षा त्याची किंमत मोजणाऱ्या बाईला त्याची समज कमी नसते.

हे कळलेले राज्यकर्ते युद्ध घरात शिरू नये याची तजवीज करतात. मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तेव्हा सक्तीची भरती कधीच बंद झालेली होती. मेमध्ये धाकट्या बुश यांनी कर वाढवण्याऐवजी कमी केले, खर्च कर्जावर टाकला. २००४ मध्ये ते पुन्हा निवडून आले. पण नोव्हेंबर २००६ पर्यंत अडीच हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक इराकमध्ये मेले होते. त्या महिन्यात बेरोजगारी साडेचार टक्के होती, आणि तरीही त्यांच्या पक्षाने संसदेची दोन्ही सभागृहे गमावली. पोटाचा सिद्धांत सांगणाऱ्यांनी आधी या निकालाचे उत्तर द्यावे.