फक्कीची रेघ

गणेशोत्सव जवळ आला की मंडळाचा कोणीतरी उत्साही कार्यकर्ता आमच्याकडे येतो आणि क्रीडास्पर्धांसाठी शाळेचे मैदान मागतो. मैदान देण्यास आमची हरकत कधीच नसते. मागे एकदा आम्ही सहज विचारले, "स्पर्धा कोणत्या ठेवल्या आहेत?" तो म्हणाला, "संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, आणि मोठी माणसे जमलीच तर रस्सीखेच." "आणि हुतूतू? खो-खो?" "त्याला माणसे कुठून आणायची, साहेब?"

तो निघून गेल्यावर त्याचा प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला. माणसे म्हणजे त्याला खेळाडू अभिप्रेत होते. आम्हांस मात्र वेगळीच माणसे आठवू लागली.

नवल असे की, ज्या खेळांना बारडोलीत माणसे मिळत नाहीत, त्यांना इतका मानमरातब यापूर्वी क्वचितच लाभला असेल. २०१४ पासून कबड्डी दिव्यांच्या झगमगाटात खेळली जाते आणि घरोघरी दूरदर्शन संचासमोर बसून पाहिली जाते. २०२२ मध्ये खो-खोचीही तशीच व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. २०२५ च्या जानेवारीत तर दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी नेपाळचा ७८-४० असा, आणि प्रतीक वाईकर याच्या नेतृत्वाखाली मुलांनी नेपाळचाच ५४-३६ असा पराभव केला. ती दोन्ही नावे ऐकून आमच्या घरात जो आनंद झाला, तो वाचकांच्या घरीही झालाच असेल.

गुजरातेत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या समाजाला या आनंदाचा थोडा अधिक हक्क आहे, असे आम्ही समजतो. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे नियम एका समितीकडून ठरवून घेतले आणि १९२३ मध्ये त्या नियमांनुसार अखिल भारतीय सामने भरवले. जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी कित्येक पिढ्यांना लाठी, लेझीम आणि मल्लखांब शिकवला. दत्तात्रय चिंतामण मजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, तेही बडोद्यातच. खो-खोसाठी पहिला अर्जुन पुरस्कार १९७० मध्ये दिला गेला, तो गुजरातकडून खेळणाऱ्या सुधीर भास्करराव परब यांना. पुढच्याच वर्षी तो गुजरातच्याच अचला देवरे यांना मिळाला. आमची बारडोली इंग्रजी मुलखातली खरी, पण शेजारची व्यारा, सोनगड, महुवा ही गावे गायकवाडीतली. तिकडचे वारे इकडे येण्यास फारसा वेळ लागत नसे.

आम्ही नोकरीस लागलो तेव्हा, १९९३-९४ च्या सुमारास, हे वारे अजून वाहत होते. दिवाळी झाली की ताप्ती लाईनवरच्या गावांत हुतूतूचे आणि खो-खोचे सामने होत. मढी, व्यारा, सोनगड, नवापूर अशी आमची मजल असे. कपड्यांची पिशवी आणि घरून बांधून दिलेल्या दशम्या घेऊन संघ दुपारच्या गाडीने निघे. नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे. तेथील बाकावर बसून कोणता गडी कोणत्या राज्यात बसला आहे यावर मुले तासभर वाद घालीत. जिंकलो तर एक पितळी पेला मिळे, हरलो तर यजमान चहा पाजीत. जिंकलो तरी चहा असेच.

या सर्वांचा भार ज्यांच्या शिरावर होता ते गृहस्थ शिक्षक नव्हते. ते पोस्टात होते. गावातली सर्व मुले, मराठी असोत की गुजराती, त्यांना काका म्हणत. कचेरी सुटली की साडेपाचला त्यांची सायकल शाळेच्या फाटकात शिरे. मागे सुतळीने बांधलेली फक्कीची पिशवी असे. आमच्याकडील जमीन काळी. पावसाळ्यात त्या मैदानात पाय रुतावा आणि कार्तिकात भेगांत टाच अडकावी. त्यावर मुरूम टाकून, पाणी मारून, रूळ फिरवून खेळण्याजोगे पटांगण करावयाचे म्हणजे पंधरा दिवसांचे काम. काका ते मुलांकडून करून घेत आणि स्वतःही करीत. मग दोन्ही टोकांना चार-चार फूट उंचीचे लाकडी खांब रोवले जात. त्यांच्यामधली पट्टी दोरी न लावता ते आखीत. तीत आम्हांला कधी वाक दिसला नाही. शिट्टी त्यांची स्वतःची होती. सामन्यात त्यांनी दिलेल्या निर्णयावर आम्ही मास्तर मंडळी कधीकधी कुरकुर करीत असू, मुले मात्र करीत नसत.

या कामाचा त्यांना एक पैसाही मिळत नसे. 'हौशी' हा शब्द आपण नाटकासाठी वापरतो तसाच खेळासाठीही वापरतो. परंतु तो शब्द उच्चारताना आपल्या डोळ्यांसमोर पळणारा गडी येतो, रेघ मारणारा येत नाही. पळणारी मुले आजही आहेत. मधल्या सुट्टीत आमच्या व्हरांड्यात या, म्हणजे खात्री पटेल. रेघ मारणारे नाहीसे झाले.

ते का नाहीसे झाले, याची कारणे सांगणे अवघड नाही. सुरत येथून तीस-पस्तीस किलोमीटर. सकाळी सातला घराबाहेर पडलेला माणूस रात्री आठला परत येतो; त्याच्याजवळ संध्याकाळच उरत नाही. मुलांच्या संध्याकाळी शिकवणीवर्गांनी घेतल्या. भ्रमणध्वनीला सर्वचजण दोष देतात, तेव्हा त्यात आम्ही भर घालीत नाही. सरकारने काहीच केले नाही असेही म्हणता येणार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान असावे असे सांगितले, २०१० पासून राज्यात खेल महाकुंभ भरतो, आणि २०२३ पासून अकरा महिन्यांच्या करारावर खेल सहायक नेमण्याची योजना आली. खेल महाकुंभासाठी आम्हीही दरवर्षी नावे पाठवतो. पण आठ दिवसांत तयार केलेला संघ पहिल्याच फेरीत बाद होतो आणि मुले पुन्हा वर्गात येऊन बसतात.

हे सारे खरे असले तरी आमच्या मैदानाची कथा अशी नाही, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१२ मध्ये मुख्याध्यापकाची खुर्ची आमच्याकडे आली. त्या वर्षी दहावीचा निकाल फार खाली गेला होता. पालक भेटीस येत, वरून पत्रे येत. आम्ही वेळापत्रक पुढे ओढले आणि खेळाचा शेवटचा तास गणिताला दिला. शाळा सुटल्यावर आणखी एक तास विज्ञानाला. हे एका वर्षापुरतेच आहे, असे आम्ही शिक्षकांच्या बैठकीत सांगितले होते. काका तेव्हा सेवानिवृत्त झाले होते, तरी साडेपाचला येतच होते. चारपाच दिवस ते ओट्यावर बसले, वर्गांतून येणारा पाढ्यांचा आवाज ऐकला, आणि पिशवी न सोडता परत गेले. आम्ही खिडकीतून पाहत होतो. बाहेर जाऊन त्यांच्याशी चार शब्द बोलावे असे मनात येई. पण बोलणार काय? सहाव्या दिवशी ते आले नाहीत. पुढच्या वर्षी निकाल सुधारला आणि तास तसाच राहिला. आता काकाही नाहीत.

विश्वचषकानंतरच्या आठवड्यात आठवीतील एक मुलगी कचेरीच्या दाराशी येऊन उभी राहिली. वडील साखर कारखान्यात, मूळचे नंदुरबारकडचे. "साहेब, आपल्या शाळेत खो-खोचे खांब होते ना? आई सांगते, ती याच मैदानावर खेळायची." आम्ही शिपायाला हाक मारली आणि शोध सुरू झाला. एक खांब सायकलींच्या छपराला टेकू म्हणून लावलेला सापडला. दुसरा कोठे सापडेना. बहुधा एखाद्या स्नेहसंमेलनाच्या मंडपात तो गेला असावा, आणि त्या मंडपाच्या खर्चाच्या पावतीवर आमचीच सही असणार.

दुसरा खांब आम्ही सुताराकडून करून घेतला. शुक्रवारचा शेवटचा तास पुन्हा खेळाला दिला; गणिताच्या शिक्षकांनी तोंड वाकडे केले, ते आम्ही न पाहिल्यासारखे केले. पहिल्या दिवशी फक्की आम्हीच मारली. रेघ सापासारखी गेली. मुली हसल्या आणि आम्हांलाही हसू आवरले नाही.

पण खरा प्रसंग तिसऱ्या शुक्रवारी घडला. त्या मुलीची आई तिला न्यायला म्हणून आली होती आणि फाटकाशी थांबून पाहत होती. मुली पट्टीवर मांडी घालून बसल्या होत्या. थोड्या वेळाने ती पुढे आली, आमची परवानगी घेतली, साडीचा पदर खोचला आणि दोन बोटे जमिनीला टेकवून, एक पाय मागे घेऊन उकिडवी बसून दाखवले. "असं बसा. खो मिळाला की पहिलं पाऊल आधीच पडलेलं पाहिजे. आणि खो जोरात द्या, सगळ्यांना ऐकू येऊ दे. काका आम्हांला उठाबशा काढायला लावायचे." मग तिने आमच्या हातातली फक्कीची बादली घेतली आणि मधली पट्टी पुन्हा आखली. तीही अगदी सरळ आली असे नाही. आमच्यापेक्षा बरी होती.

सध्या चौदा मुली नियमाने येतात. पुढील वर्षी आम्ही सेवानिवृत्त होऊ, तोवर शुक्रवार कोणी काढून घेणार नाही. त्यानंतरचे आमच्या हातात नाही, म्हणून येथे दोन गोष्टी मागून ठेवतो. बारडोली-व्यारा परिसरातील ज्या वाचकांनी, वाचक भगिनींनी कधीकाळी हुतूतू वा खो-खो खेळला असेल, त्यांनी शुक्रवारी पाचच्या सुमारास मैदानावर यावे. पळावे लागणार नाही. आणि पावसाने मैदान पुरते धुऊन नेले आहे, तेव्हा कोणाच्या ओळखीत मुरमाचा ट्रॅक्टर असेल तर शाळेच्या पत्त्यावर एक कार्ड टाकावे. भाडे आम्ही देऊ.